व्हाळाला रस्ता म्हटलं त्या हंगामात

गेल्या साली काजू सरता सरता, एका आयतवारी सकाळी, आम्ही दोघांनी मोरी साफ केली. माझ्या आणि माझ्या बायकोच्या, रुकमीणीच्या, हातून एकत्र झालेलं ते शेवटचं काम. देवदर्शन नाही, फोटो नाही. डोंगरावरून उतरणारा व्हाळ आमच्या वाड्याच्या रस्त्याखालून ज्या चिऱ्याच्या मोरीतून पलीकडे जातो, तिच्यातला वर्षाचा पाला आणि गाळ ओढून काढला, बस. दरसाल मिरगाच्या आधी काढायचो तसा.

मोरी मांडीइतकी उंच. आत माणूस शिरत नाही. म्हणून आमची रीत अशी, की बांबूला बांधून दोरी आरपार घालायची आणि दोरीच्या मधोमध रेती भरलेलं गोणपाट बांधायचं. रस्त्याच्या वरच्या बाजूला, सुक्या व्हाळात, ती बसायची. खालच्या बाजूला मी. तिनं ओढलं की गोणपाट तिच्याकडे, मी ओढलं की माझ्याकडे, आणि दर फेरीला पाला घेऊन बाहेर येतं. मध्ये रस्ता, त्यामुळे मला ती दिसायची नाही. ऐकू मात्र यायची.

“अवो, निजलात काय थंय? ओढा!”

“ओढतंय गो. हात आसत ते, मशीन न्हय.”

“ती विडी आदी फेकून द्या.”

ह्या विडीची भानगड मला तीस वर्षं कळली नव्हती. गोणपाट तिच्याकडे गेलं की माझी पाळी येईस्तोवर थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात मी खालच्या दगडावर टेकून विडी काढायचो. काडी ओढली की पलीकडून हाक आलीच. धूर मोरीतून वर जात असेल म्हणून मी तोंड फिरवून सोडायला लागलो. तरी हाक. ह्या बाईला नाक आहे की काय आहे, असं मनात म्हणून विडी विझवायची, आणि ओढायचं.

त्या आयतवारीही विझवली. घरी येऊन पेज खाल्ली, तोंडी लावायला खारातली कैरी. ती म्हणाली, “यंदा पालो कमी आसा.” मी म्हटलं, “पालो आसा तितकोच आसा, तुका कमी दिसता.” हे आमचं शेवटचं लांबलचक बोलणं. बुधवारी दुपारी ती खळ्यात काजूच्या बिया पसरायला गेली, सूप मांडीवर घेऊन बसली, आणि उठली नाही. मी गेलो तेव्हा बिया अर्ध्याच पसरलेल्या होत्या. तिला आत आणून निजवलं, शेजाऱ्यांना हाक मारली, आणि ते येईपर्यंत उरलेल्या बिया पसरल्या. लोक बघत राहिले. ह्याला काही वाटतं की नाही, असं एक बाई बोललीसुद्धा. वाटतं की नाही ते माझं मला ठाऊक. बिया ढिगात ठेवल्या तर बुरशी धरतात, आणि तिच्या बिया बुरशीला देणारा मी कोण?

यंदा काजू परत आले. त्यांना काय, येणारच. कोरगावपासून पार्शापर्यंत डोंगर लाल-पिवळे झाले. बोंडवांचा, काजूच्या फळांचा, तो आंबूस गोड वास सकाळी जनेल उघडलं की घरात येतो आणि दिवसभर जात नाही, आंघोळ केली तरी अंगावरून जात नाही. बी पिरगळून काढताना तिचं तेल लागून बोटांची सालटी निघतात. तिच्या बोटांची निघायची तेव्हा मी खोबरेल आणून द्यायचो. माझ्या बोटांची निघतात तशी निघू दे. पोदेर, पाववाला, सायकल घेऊन येतो, पों पों करतो, मी अजून चार उंडे घेतो. दोन संध्याकाळी कावळ्याला टाकतो. पोदेराला सांगायचं राहून गेलंय, की आता दोनच.

ह्याच हंगामात पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. कुठल्या पंचायतीच्या ते सांगत नाही. पेडण्याच्या बाजूचा गाव आहे एवढं पुरे, नाव लिहिलं तर उद्या पंच दारात भांडायला येईल. कागदावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘रस्त्याचे सुशोभीकरण’. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस. पोर्तुगीज राज्यात देवळाच्या पडवीत शिकलो, जोडाक्षर आलं की अजून अडतो. हा शब्द दोनदा वाचला. खाली कामांची यादी: पेव्हर बसवणे, गटारे झाकणे, नक्षीचे दिव्याचे खांब उभारणे. आणि शेवटची ओळ, ‘वापरात नसलेली मोरी बुजवणे’.

वापरात नसलेली.

ती ओळ वाचून मी तसाच उन्हात उभा राहिलो, आणि माझ्या डोक्यात तो दुसरा हंगाम उघडला. गोव्यात भाषेचा कायदा झाला होता आणि गोव्याचं वेगळं राज्य व्हायचं होतं, त्या मधल्या महिन्यांतला काजूचा हंगाम. मी तेव्हा चाळिशीच्या अलीकडे. गवंडी होतो. साखळी गावाला चिऱ्यांचं काम चालू होतं, पहाटे बस धरायची, अंधार पडता घरी यायचं. बसमध्ये एका बाजूला मराठीवाले बसत, दुसऱ्या बाजूला कोंकणीवाले. दोन्ही बाजूंची माणसं बाजारात एकाच भाषेत मासळीचा भाव करत होती ती गोष्ट वेगळी. मला कोणी विचारलं की तू कुठला, तर मी म्हणायचो, मला शाळेत मास्तरनं एक दिली आणि घरात आईनं एक दिली, दोन्ही माझ्या, तुला काय त्रास आहे? मग दोन्ही बाजूंनी शिव्या मिळायच्या.

अशात आमच्या वाड्याला रस्ता मंजूर झाला. एका सकाळी सर्व्हेयर आला. डोक्यावर टोपी, हातात टेप, गोव्याबाहेरचा माणूस. त्याला पायवाट बघायची होती. मी बसला निघालो होतो. त्यानं विचारलं, “आपका रास्ता कौनसा?” मी बोट केलं आणि म्हटलं, “यही.”

बोट मी व्हाळाकडे केलं होतं.

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण आमच्याकडे शिमग्यापासून मिरगापर्यंत व्हाळ कोरडा ठणठणीत असतो, आणि काजूच्या डोंगरावर जायला त्याच्यासारखी सरळ वाट नाही. बायका टोपल्या घेऊन त्यातून जातात, गुरं त्यातून जातात, बोंडवं त्यातून खाली येतात. काजूच्या दिवसांत कोणालाही विचारा, वाट कुठली, तो व्हाळाकडेच बोट करील. पावसात तिथं काय असतं ते त्या घटकेला ध्यानात येत नाही. बोट केलं आणि मी बस धरली. संध्याकाळी आलो तर व्हाळात खुंट्या. चुन्यात बुडवलेल्या, ओळीनं, पार खालच्या घरांपर्यंत. व्हाळ मातीनं भरून वर डांबर घालायचं ठरलं होतं.

रुकमीण दारात बसली होती. “कोणी दाखयलो हो रस्तो?”

मी वहाणा काढत राहिलो.

“मी इचारतंय, कोणी दाखयलो?”

“मी.”

ती उठून आत गेली, हे मला जास्त लागलं. खाली सहा घरं. डोंगराचं पाणी व्हाळात मावलं नाही तर ते कोणाच्या चुलीवर जाणार हे पोरालाही कळतं. आमचं घर वर, कोरडं. बुडाली असती ती बाकीची.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा न्हाणीघरात पाण्याच्या भाणाखाली चूल धगधगत होती. आंघोळीला पाणी एवढं कडक की हात घालवेना. मी विचारलं, लाकडं कुठून आणलीस? ती म्हणाली, “सरकारान दिली.” चुलीत बघतो तर चुन्याचे पांढरे डाग. सगळ्या खुंट्या तिनं उपटल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सर्व्हेयरचा शिपाई विचारत आला. तिनं त्याला बसवलं, चहाचा कोप हातात दिला. तो चहा पिऊन म्हणाला, “बाये, हंगा खुंट्यो आसल्यो, कोणी व्हेल्यो?” ती म्हणाली, “चाय बरी जाली मरे?” तो म्हणाला, बरी झाली. “त्याच खुंट्यांर केल्या,” ती म्हणाली. शिपाई हसला आणि तसाच गेला. त्यानं साहेबाला काय सांगितलं देव जाणे.

मग साहेब स्वतः आला. चिडलेला. रुकमीणीनं त्याला व्हाळात नेलं, सावलीत दगडावर बसवलं, काजूचा गोड नीरो दिला. आणि म्हणाली, वर बघा. व्हाळाच्या काठाला बांबूचं बेट आहे. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, बांबूच्या पेरात, एक बायकी चप्पल अडकलेली होती. सुकून वाकडी झालेली.

“ती माजी,” ती म्हणाली. “श्रावणात पायातसून गेली. वयर कोणी टांगूक नाय. पाण्यान ठेयली ती थंय.”

मी मध्ये राहून त्याला हिंदीत सांगितलं. साहेबानं चप्पल बघितली. मग उभा राहिला. उभं राहूनही चप्पल त्याच्या टोपीच्या वर होती. त्यानं नीरो संपवला आणि कागदावर रेघ मारली. रस्ता काठावरून न्यायचा, व्हाळ एकदाच ओलांडायचा, तिथं मोरी. पण खर्च वाढेल, तो म्हणाला, ते तुमचं तुम्ही पंचायतीत ठरवा.

पंचायतीत तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दोन अर्ज मराठीत लिहावा की कोंकणीत यावर. देवळाच्या मंडपात माणसं धोतराचे सोगे सावरून उभी राहिली, एकमेकांच्या अंगावर गेली. शेवटी रुकमीण बायकांतून उठली. “तुमी भाशा ठरयसर पाणी येयत. दोन कागद करा नि दोनय धाडा.” तिला एकही भाषा लिहिता येत नव्हती. दोन्ही कागदांवर तिनं अंगठा उठवला, त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी खर्च निघाला. दत्ताराम पंच होता, शांत माणूस.

“वैनी, मंजूर आसा त्यात डांबर बसता. मोरी बसणा नाय.”

“मगे रस्तो आखूड करा.”

“कितको आखूड?”

“मोरी बसता तितको.”

“मगे डांबर फणसाकडे सोंपता. तुमचा घर फुडे रवता. धुळीत.”

“माजा घर खंय आसा ता माका ठावक आसा.”

मंडपात गलका झाला. वरच्या घरांना राग आला, खालच्यांना तोंड उघडवेना. खालच्या घरातला शाणू मला कोपरानं ढोसून म्हणाला, “आयज तुका जेवण गावता काय रे?” दत्तारामनं विचारलं, व्हाळ रस्ता म्हणून दाखवला तो कोणी? मी खाली बघितलं. रुकमीण म्हणाली, “आमी दाखयलो. आमची चूक.” घरी येताना मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? ती म्हणाली, “नाव घेवन पाणी फाटी फिरता? चला गप.”

मोरी झाली. बेळगावकडचे मजूर आले होते, त्यांचा मुकादम कल्लाप्पा मला चिरे रचू देईना, म्हणे तुझी मजुरी आमच्या कामात नाही. मी म्हटलं, मजुरी नको, हात घालू दे. चार दिवस साखळीचं काम बुडवून मी ते चिरे बसवले. कल्लाप्पानं चौथ्या दिवशी सांधे बघितले आणि आपल्या माणसांना कानडीत काहीतरी सांगितलं. ते माझ्याकडे बघून माना हलवू लागले, म्हणजे बरंच असावं. डांबर फणसाकडे संपलं. आमच्या दारापर्यंत यायला त्याला पुढं अकरा वर्षं लागली. अकरा वर्षं ती रोज दाराची फळी पुसायची आणि धुळीला शिव्या घालायची. मी कधी म्हटलं की तूच मागितलीस, तर म्हणायची, “माजीच हौस. तुमका कित्याक?”

हे सगळं उन्हात उभं राहून मला आठवत होतं. म्हणून ह्या आयतवारी ग्रामसभेला गेलो. आता मंडपात नाही, पंचायतीच्या हॉलमध्ये पंख्याखाली. पंच आता दत्तारामचा मुलगा, संदेश. चांगला मुलगा आहे, शिकलेला, बोलतो गोड. त्यानं भिंतीवर चित्र दाखवलं. पेव्हर, खांब, खांबांवर दोन दोन दिवे. सगळे वा वा म्हणाले. खरंच बरं दिसत होतं, मी नाही कशाला म्हणू? मी उठलो आणि म्हटलं, मोरी राहू दे.

“काका,” संदेश म्हणाला, “ती मोरी राखूक जो खर्च येता तितक्यात दोन खांब ज्यास्त बसतत. आनी तिचो उपेग काय? इतकी वर्सां रस्त्यार पाण्याचो थेंब येवक नाय.”

“रस्त्यार येणा नाय कित्याक? मोरीतसून जाता म्हणान!”

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा शब्दांत अडकला.

“साफ कोण करता ती?” मी विचारलं.

मागून कोणीतरी म्हणालं, “पंचायत करता.” संदेशनं सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरीनं कागदांकडे. तेव्हा मला कळलं. आम्ही दोघं तीस वर्षं दोरी ओढत होतो, आणि गावाला वाटत होतं पाणी आपसूक जातं. व्हाळ मेला म्हणे. मेला नाही तो, वाटेनं जातोय.

“काका, तुमचा मन आमका कळता,” संदेश म्हणाला. “काकी आसती तर तिकाय लायटी आवडल्यो आसत्यो.”

“तिचा नाव तुज्या तोंडात नको,” मी म्हटलं. मग जे तेव्हा बोललो नव्हतो ते बोललो. “आयका सगळे. त्या साली व्हाळ रस्तो म्हणान दाखयलो तो मी. ह्या बोटान. ती ‘आमी’ म्हणाली, तुजो बापूय तेचो साक्षी, पण तो आता नाय. आमी न्हय. मी एकलो. तेची चूक तिणां धूळ खावन फेडली. माजो हात ती बुजवक वयर जावचो नाय.”

बसलो. हात मोजले. बुजवायच्या बाजूनं हात वर गेले, खूप गेले. राखायच्या बाजूनं माझा एक. शाणूचा कानापर्यंत आला आणि मग त्यानं कान खाजवला. त्याचं घर सगळ्यांत खाली. बाहेर पडताना तो माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, “खांबो माज्या दारातच येता रे. म्हातारी काळोखात पडली दोनदा.” त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्याच्या दारातला काळोख मी बघितलाय. पण त्या दारात पाणी कसं शिरेल तेही मला दिसतंय, आणि त्याला दिसत नाही असंही नाही. काम दिवाळीनंतर सुरू होणार. तोवर मोरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, चहा केला, दोरी, बांबू आणि गोणपाट घेऊन मोरीवर गेलो. एक वर्षाचा पाला साचला होता, सुका, कुरकुरीत, काजूचाच. दोरी आरपार घातली. खालून ओढली. गोणपाट आलं. आता वरून ओढायला कोणी नव्हतं, म्हणून चढून रस्त्यावर आलो, रस्ता ओलांडला, वरच्या बाजूला व्हाळात उतरलो, ओढली. परत चढलो, परत ओलांडला. माझ्या वयाच्या माणसाला दहा फेऱ्या म्हणजे दहा डोंगर. एक टँकर थांबला, मागे मोटारसायकली थांबल्या, हॉर्न वाजवू लागल्या. मी चाल वाढवली नाही. वाजवा.

संदेश स्कूटरवरून आला. “काका, कित्याक त्रास घेतात? दिवाळेक बुजवची आसा ती.”

“दिवाळेक बुजय. आयज ती उगडी आसा. गाडी फाटी घे, माका पलतडी जावचा आसा.”

त्यानं इंजिन बंद केलं आणि पायांनी गाडी मागे ढकलली. मी ओलांडून गेलो.

वरच्या बाजूला तिचा दगड आहे, बसून बसून गुळगुळीत झालेला. मोरीच्या कडेला, मी बसवलेल्या चिऱ्यावर, तिच्या दोरीनं बोटभर चर पाडलाय. मी त्या बाजूला तीस वर्षांत कधी बसलो नव्हतो. बसलो. गोणपाट माझ्याकडे ओढून घेतलं, आणि कंबर दुखत होती तरी वाकून मोरीत बघितलं. खालून वर बघितलं तर बांबूच्या सावलीनं नुसता काळोख दिसतो. वरून खाली तसं नव्हतं. खाली ऊन होतं. चौकोनी उजेडात माझा दगड दिसत होता, पुरा, आणि त्याच्यावर ठेवलेलं माझं विड्यांचं बंडल.

मी चढलो, रस्ता ओलांडला, खाली उतरलो. माझ्या दगडावर मोरीकडे तोंड करून बसलो, आणि तोंड न लपवता विडी पेटवली. थोडा वेळ थांबलो. मग अर्ध्यावर ती दगडावर विझवली, आणि दोरी ओढली.